पडाव, चाळ आणि कचेरी : यान ब्रेमन यांच्या ग्रंथांतील खानदेशी माणूस

स्थलांतरित माणसे कोठे आणि कशी वस्ती करतात, यावरून त्यांना कोणते काम मिळेल आणि यजमान समाजात कोणती जागा मिळेल हे बहुतांशी ठरते, हा विचार समाजशास्त्राला नवा नाही. मराठी साहित्यालाही तो एका परीने परिचित आहे. गिरणगावच्या चाळी, खाणावळी आणि गावकीच्या खोल्या वगळल्या तर अण्णाभाऊ साठे, नारायण सुर्वे किंवा जयंत पवार यांच्या लेखनाची कल्पनाही करता येणार नाही. परंतु या साऱ्या लेखनातील मराठी श्रमिक मुंबईत राहतो. तेथे तो गरीब असतो, नाडलेला असतो, पण ही नगरी माझी आहे असे म्हणण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारीत नाही. परभाषी मुलुखात पोटासाठी गेलेला मराठी श्रमिक आमच्या साहित्याने जवळजवळ दृष्टीआडच ठेवला. त्याच्याकडे बारकाईने पाहिले ते एका डच अभ्यासकाने, आणि पाहिले ते आपल्या या कामरेज-बारडोलीच्या परिसरात. म्हणून यान ब्रेमन यांच्या ग्रंथांची चर्चा या पत्रिकेत होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ब्रेमन १९६२ साली दक्षिण गुजरातेत प्रथम आले. आपल्या अभ्यासाची दोन गावे त्यांनी ‘गंडेवीगाम’ आणि ‘चिखलीगाम’ अशा कल्पित नावांनी झाकून ठेवली आहेत. अनाविल जमीनमालक आणि त्यांचे हाळी, म्हणजे कर्जाने बांधलेले दुबळा जमातीचे शेतमजूर, यांच्या संबंधांवर त्यांचा ‘पेट्रनेज अँड एक्स्प्लॉइटेशन’ हा ग्रंथ १९७४ साली इंग्रजीत आला. त्यानंतर १९८५ साली ‘ऑफ पेझंट्स, मायग्रंट्स अँड पॉपर्स’ आणि १९९६ साली ‘फुटलूज लेबर’. पुढे छायाचित्रकार रवी अगरवाल यांच्या चित्रांसह ‘डाउन अँड आउट’ हा ग्रंथही २००० साली निघाला. यांतील १९८५ चा ग्रंथ आमच्या मते सर्वांत मोलाचा. त्यात बारडोलीच्या साखर कारखान्याच्या उसावर येणारे खानदेशी तोडकरी आहेत. त्यांच्याविषयी ब्रेमन यांनी १९७८ साली एका दीर्घ लेखात प्रथम लिहिले होते आणि १९९० साली पुन्हा लिहिले. त्या १९९० च्या लेखाचे शीर्षकच असे आहे की त्याचा अर्थ ‘कुत्रीसुद्धा यांच्यापेक्षा बरी’ असा होतो. शीर्षक कठोर आहे. लेख वाचल्यावर ते अतिशयोक्त वाटत नाही.

सायण, चलथाण, मढी, बारडोली आणि आपल्या कामरेज विभागाची खांड उद्योग मंडळी ही नावे वाचकांना घरची आहेत. दिवाळीच्या सुमारास ट्रकांतून उतरणारी, बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कापडांच्या झोपड्या रस्त्याच्या कडेला उभारणारी आणि उन्हाळ्याच्या अखेरीस दिसेनाशी होणारी माणसेही आपण सारे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर या भागांतून आणि डांगांतून ती येतात. ब्रेमन यांचे वैशिष्ट्य हे की, या दृश्यामागील व्यवस्था त्यांनी एकेक टाका उसवून दाखविली.

तोडणीचे एकक माणूस नसतो, ‘कोयता’ असतो. एक कोयता म्हणजे तोडणारा पुरुष, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी त्याची बायको आणि बहुधा पाचट सोलण्यास हातभार लावणारे एखादे मूल. पावसाळ्यात, घरातले धान्य संपलेले असताना, मुकादम गावी येऊन उचल देतो. उचल घेतली की हंगामाचे सहा-सात महिने विकले गेले. मजुरी टनावर ठरते, पण ती हंगाम संपेपर्यंत हातात पडत नाही. मधल्या काळात खावटीपुरते धान्य आणि थोडे पैसे मिळतात आणि तेही हिशेबात धरले जातात. कोणत्या शेतात कोणत्या दिवशी तोड हे कारखाना ठरवितो. ट्रक किंवा गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावी लागते. उसाचा मालक शेतकरी, तोडणीचा खर्च त्याच्या हिशेबी टाकणारा कारखाना, माणसे आणणारा मुकादम: यांपैकी तोडकऱ्याचा मालक कोण, हे विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो विलीन झाला. पण कायद्याला जो मालक हवा असतो, तोच या साखळीत विरून जातो. ज्या सहकाराचा आपण सर्वांनी लाभ घेतला आणि ज्याचा या परिसराला रास्त अभिमान आहे, त्या सहकारात सभासद ऊस लावणारा असतो. ऊस तोडणारा सभासद नसतो. ब्रेमन या व्यवस्थेला ‘सहकारी भांडवलशाही’ म्हणतात. पहिल्या वाचनी हा शब्दप्रयोग टोचतो. मात्र त्याला पर्यायी शब्द सुचविणे सोपे नाही.

या ग्रंथाचा खरा गाभा पुढच्या प्रश्नात आहे. ज्या तालुक्यात हळपती समाजातील हजारो भूमिहीन कामाच्या शोधात असतात, त्याच तालुक्यात कारखाने दीड-दोनशे किलोमीटरवरून माणसे का आणतात? कारखान्यांचे आणि पाटीदार बागायतदारांचे ठरलेले उत्तर असे की, स्थानिक मजूर आळशी आहे, भरवशाचा नाही. हे उत्तर आपल्या दिवाणखान्यांतही पुष्कळदा ऐकू येते. ब्रेमन यांनी ते तपासले आणि उलटे केले. स्थानिक मजुराला घर असते. त्या घरात आजारी म्हातारी असते, लग्न असते, सुतक असते. गावात त्याचे भाऊबंद असतात, कोणी अपमान केला तर बाजूला उभे राहणारे चार जण असतात आणि मतदारयादीत त्याचे नाव असते. रात्री दोनला ट्रक आला तर तो येणार नाही, कारण न येणे त्याला शक्य असते. खानदेशी तोडकऱ्याला ते शक्य नसते. शेताच्या बांधावर राहणाऱ्या, परतीच्या भाड्याचे पैसे हातात नसलेल्या, उचलीने बांधलेल्या माणसाला दिवसरात्र एकच. म्हणजे त्याचे बळ किंवा कसब ही त्याची मुख्य पात्रता नव्हे. त्याचा परकेपणा हीच त्याची पात्रता.

आमच्या मते या विषयावर गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले गेले त्यांत इतके मर्मभेदी दुसरे काही नाही. कारण यातून जे निष्पन्न होते ते सामाजिक एकात्मतेच्या आपल्या सर्व गोड कल्पनांना हादरा देणारे आहे. एरवी आपण असे धरून चालतो की, बाहेरून आलेला माणूस कामाला लागला की हळूहळू तो समाजातही मिसळतो. श्रमबाजार हा समाजप्रवेशाचा दरवाजा आहे. उसाच्या फडात उलट घडते. तोडकऱ्याने येथे खोली घेतली, मुलाला शाळेत घातले, रेशनपत्रिका काढली, की तो हळपतीसारखाच ‘भरवशाचा नसलेला’ होईल आणि पुढच्या हंगामी त्याच्या जागी दुसऱ्या तालुक्यातून दुसरा कोयता येईल. जेथे परकेपणालाच मोल आहे तेथे मिसळण्याची किंमत काम गमावून मोजावी लागते. हळपतीने कामाचा दरवाजा गमावला तो घर असल्यामुळे. खानदेशी माणसाने घर गमावले तेव्हा त्याला काम मिळाले. दोघांनाही एकमेकांचा राग येतो, हेही ब्रेमन नोंदवितात, आणि त्या रागाचा फायदा तिसऱ्यालाच होतो.

आता दोष. ब्रेमन यांचा खानदेशी माणूस बोलत नाही. तो मजुरी मोजतो, मार खातो, उपाशी झोपतो, परंतु त्याची बोली, त्याचे देव, त्याची गाणी, त्याची जात ग्रंथात अगदी ओझरती येते. पावरा, भिल्ल, मावची आणि कोकणा यांत काय अंतर आहे, कोणाचा मुकादम कोणत्या नात्यातला असतो, फडावर जन्मलेल्या मुलाचे नाव काय ठेवतात, असे प्रश्न त्यांच्या चौकटीत बसत नाहीत. हाळी आणि धणियामो यांच्या संबंधांविषयी १९७४ मध्ये ज्या मायेने आणि बारकाव्याने त्यांनी लिहिले होते ती माया येथे आटलेली दिसते. त्याचे एक कारण उघड आहे: गावात राहून गावाशी ओळख होते; रोज हलणाऱ्या पडावाशी ती करून घेणे कठीण. अभ्यासकालाही तो माणूस हंगामीच भेटला. पण आणखी एक कारण आम्हांस दिसते. ब्रेमन यांना श्रमिक नेहमी मालकासमोर उभा असलेला दिसतो. आपल्या आधी आलेल्या नातलगासमोर, आपल्याच भाषेच्या दुसऱ्या माणसासमोर उभा असलेला तो त्यांना फारसा दिसत नाही. आणि येथे, कामरेजपासून सुरतेच्या दक्षिण उपनगरांपर्यंत, खानदेशी माणसाचे निम्मे चरित्र त्या दुसऱ्या नात्यात आहे.

ते समजण्यासाठी तापीखोऱ्याचा लोहमार्ग डोळ्यांसमोर आणावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरतेहून अमळनेरकडे ही लाइन टाकली गेली तेव्हा तिचा हेतू खानदेशचा कापूस बंदराकडे नेण्याचा होता. कापसाच्या मागोमाग पुढे माणसे आली. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी ही स्थानके, आणि सुरतेच्या अंगाला या फाट्याचे तोंड उधन्याला. (नवापूरचे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, राज्यांची सीमा फलाटावरून जाते. भाषावार प्रांतरचनेवरचे याहून बोलके भाष्य आमच्या पाहण्यात नाही.) सुरतेत यंत्रमाग आणि रंगाईचे कारखाने वाढले, आणि १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर तर ती वाढ आणखी वेगाने झाली, तेव्हा खानदेशातला माणूस पॅसेंजर गाडीने येऊन उधन्याला उतरला आणि उतरला तेथेच राहिला. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा. नकाशा पाहिला तर या वस्त्या रुळांना बिलगून आहेत. १९६१ साली सुरतेची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. २०११ साली ती सुमारे ४४ लाख होती. या वाढीत बाहेरून आलेल्यांचा वाटा किती प्रचंड असेल हे आकड्यांतूनच उघड होते.

लिंबायतची वस्ती आणि कामरेजचा पडाव यांत फरक कोणता? दोन्हीकडची माणसे खानदेशची. काहींची गावेही शेजारी शेजारी. परंतु पडावातील माणूस बहुतांशी आदिवासी आणि भूमिहीन. लिंबायतमध्ये थोडीबहुत कोरडवाहू जमीन असलेल्या शेतकरी जाती, तेली, शिंपी, माळी, आणि गावगाड्याने जाचलेल्या दलित जाती अशी सरमिसळ आहे. तरीही मुख्य फरक जातीचाही नव्हे. एकत्र राहण्याचा आहे. लिंबायतमध्ये पहिल्याने खोली घेतली, दुसऱ्याला मागावर लावले, तिसऱ्याने किराणा दुकान टाकले. श्रावणात कानबाईची स्थापना तेथे खानदेशासारखीच थाटात होते, रोट होतात. महानगरपालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यांत मराठी माध्यम आहे. आणि मतदारसंघाची गणिते अशी झाली की, २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तिन्ही निवडणुकांत लिंबायतमधून संगीता पाटील विधानसभेवर गेल्या. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात मंत्री झाले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. खानदेशी माणूस गुजरातच्या सत्तेत जाऊन बसला ही घटना मराठी साहित्याने टिपलेली नाही, हे आमचे म्हणणे आहे.

आपल्या मंडळांच्या स्मरणिकांतून, व्याख्यानांतून एक विचार वारंवार मांडला जातो. तो असा: ‘हे नवे लोक घोळक्याने राहतात, आपसांतच बोलतात, म्हणून मिसळत नाहीत; आमचे पूर्वज मात्र गुजराती समाजात विखरून राहिले, म्हणून एकरूप झाले.’ हा विचार सुखावणारा आहे, आणि आमच्या मते तो दोन्ही बाजूंनी कच्चा आहे.

प्रथम दुसरी बाजू. जुनी मराठी घराणी या भागात आली ती गायकवाडी अमलाबरोबर. पिलाजीरावांनी सोनगड घेतला, तेथून गायकवाडांचा विस्तार झाला, आणि पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात कामरेज हा एक महाल होता. कारकून, फडणीस, शिक्षक, फौजदार, वैद्य, पुजारी अशी ही मंडळी. ती विखुरली होती हे खरे, पण कोठे? प्रत्येक महालाच्या गावी, कचेरीच्या सावलीत. तिला कामाचा दरवाजा शोधावा लागला नाही. तो दरवाजा तीच उघडीत होती. सयाजीराव महाराजांनी कारभाराची भाषा गुजराती ठेवली, तीत संस्थानी संज्ञा घडविल्या, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’सारखा अनेक भाषांतील राज्यव्यवहाराच्या शब्दांचा कोश १९३१ साली काढला, मराठी माणसाने गुजराती शिकावी ही तेथे नोकरीची अट होती आणि प्रतिष्ठेचीही. ज्याच्या हाती दप्तर असते त्याच्याशी गाव स्वतःहून जुळवून घेतो. याला एकरूपता म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण जो हातात कोयता किंवा मागाचा धोटा घेऊन येतो त्याने हाच मार्ग का धरला नाही, असे विचारण्यात अर्थ नाही. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर या घराण्यांपैकी पुष्कळांना बडोदे, पुणे, मुंबई जवळची वाटू लागली आणि कामरेज, व्यारा, सोनगड येथील वाडे ओस पडू लागले, हेही या ‘एकरूपते’च्या हिशेबात धरले पाहिजे.

आता पहिली बाजू. घोळक्याने राहिल्याने नुकसानच होते काय? स्वीडन सरकारने १९८५ पासून काही वर्षे निर्वासितांना देशभर विखरून वसविण्याचे धोरण राबविले. हेतू हाच की एका जागी गर्दी होऊ नये आणि ती माणसे लवकर मिसळावीत. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी, विशेषतः एडीन, फ्रेडरिकसन आणि ओस्लुंद यांनी २००३ साली, या निर्वासितांच्या मिळकतींची तुलना केली. ज्यांचे शिक्षण कमी त्यांना आपल्या देशबांधवांच्या दाट वस्तीत राहण्याचा तोटा न होता उलट लाभच झाला असे त्यांना आढळले. डेन्मार्कमधील अभ्यासाने पुढे तशीच पुस्ती जोडली. कारण साधे आहे. भाषा न येणाऱ्या माणसाला नोकरीची खबर वर्तमानपत्रातून मिळत नाही, शेजारच्या खोलीतून मिळते. त्या अभ्यासातली आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: ज्या समूहाची मिळकत मुळात बरी होती त्या समूहाच्या वस्तीचा लाभ अधिक, आणि ज्याची हलाखीची होती त्याच्या वस्तीचा कमी. म्हणजे घोळका महत्त्वाचा खरा, पण घोळक्यात कोण आहे हे त्याहून महत्त्वाचे. वराछा, सरथाणा येथून कामरेजच्या चौफुलीपर्यंत पसरलेल्या सौराष्ट्रातील पटेल मंडळींच्या सोसायट्या पाहाव्यात. तेही घोळक्यानेच राहतात, गावागावाची स्नेहसंमेलने भरवितात, हिऱ्यांच्या कारखान्यात आपल्याच गावचा मुलगा लावतात. त्यांना कोणी ‘मिसळत नाहीत’ असे म्हणत नाही.

याचा अर्थ दाट वस्ती हे सर्व रोगांवर औषध आहे असाही नव्हे. गिरणगावात ज्या गावकीच्या खोलीने कोकणातल्या माणसाला आधार दिला, त्याच खोलीतून जॉबर त्याला गिरणीत लावीत असे आणि त्याच्यावर वचकही ठेवीत असे. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावच्या मोहल्ल्यांचा अभ्यास करताना दाखविले आहे की, शेजारानेच संप तगविले आणि शेजारानेच माणूस जॉबराच्या, दुकानदाराच्या उधारीत अडकविला. सुरतेतील ओडिया माणसाचे तसेच आहे, किंबहुना अधिक बिकट. गंजाम जिल्ह्यातून येणारे हे मागवाले एकटे येतात, मेसमध्ये राहतात. बारा तासांच्या दोन पाळ्या असल्याने एकाच अंथरुणावर दिवसा एक आणि रात्री दुसरा निजतो. लिंबायतच्या खानदेश्याप्रमाणे ते बायकामुलांसह वसले नाहीत, म्हणून दाटी असूनही ती वस्ती झाली नाही. १० एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात कामरेजच्या वाटेवरील लसकाणा येथे हेच मजूर घरी पाठवा म्हणून रस्त्यावर उतरले. ज्या शहरात काहींनी उभी उमर काढली ते शहर संकटाच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना आपले वाटले नाही. त्याच सुमारास उसाच्या फडातही तोडकरी होते. त्यांची मागणी कोणाच्या कानी फारशी आली नाही, कारण पाच-पन्नास कोयत्यांचा पडाव कोठल्या शेतात आहे हे मुकादमावाचून कोणास ठाऊक नसते.

विखरून राहणे म्हणजे मिसळणे नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. आपल्या परिसरात सर्वांत विखुरलेला मराठी माणूस ऊसतोड करणारा आहे. गावागावाच्या वेशीवर, पाटीदारांच्या, हळपतींच्या, चौधरींच्या वस्तीलगत तो सहा-सात महिने राहतो. स्मरणिकांतील विचार खरा असता तर सर्वांआधी तो एकरूप झाला असता. त्याला शाळा नाही, मत नाही, सभासदत्व नाही; दुकानदाराशी उधारीचे आणि ट्रकवाल्याशी शिवीगाळीचे, एवढेच त्याचे स्थानिक संबंध. उलट लिंबायतचा ‘घोळक्याने’ राहणारा माणूस नगरसेवक निवडून आणतो, गुजरातीत सौदा करतो, आणि त्याची मुलगी गुजराती माध्यमातून शिकून बँकेत लागते.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि आमच्यासारख्या साहित्यमंडळाला तो टाळता येणार नाही. खानदेशी माणसाला गुजराती लवकर येते याचे आश्चर्य जुन्या मंडळींना वाटते. त्यात आश्चर्य नाही. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात घातलेच नाही. १९०७ साली निघालेल्या खंडात ती भिल्ली बोलींच्या शेजारी आहे, आणि तिचे गुजरातीशी असलेले नाते त्यांनी दाखविले आहे. भारताची जनगणनाही ‘खानदेशी’ ही मराठीहून वेगळी भाषा धरते. २०११ मध्ये तिचे भाषक अठरा लाखांवर नोंदले गेले. अहिराणी बोलणारा माणूस नंदुरबारच्या शाळेत पुस्तकी मराठी शिकताना अडखळतो, पण सुरतेच्या बाजारात गुजराती ऐकताना फारसा अडखळत नाही. तेव्हा आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना तो येत नाही, म्हणून त्याची मराठीविषयी अनास्था आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आपण ज्या मराठीत नाट्यसंगीताचे कार्यक्रम ठेवतो ती त्याला शाळेत छडी खाऊन शिकावी लागली. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेवर आपण सारे मान डोलावतो. त्या कवितेच्या मुलुखातील बाई फडात मोळी बांधताना दिसली तर तिची बोली आपल्याला गावंढळ वाटते. हा विरोधाभास ब्रेमन यांना दिसणे शक्य नव्हते. तो दाखविण्याचे काम मराठी समीक्षेचे होते.

म्हणून ब्रेमन यांच्या ग्रंथातील उणीव सांगताना हेही सांगितले पाहिजे की, ती भरून काढण्याची साधने त्यांच्याकडे नव्हती. ती आपल्या परिसरात आहेत. १९८५ चा ग्रंथ श्रमबाजाराचा जो नकाशा देतो तो आजही बहुतांशी लागू पडतो. कोयता, उचल, टनाची मजुरी, हंगामअखेरचा हिशेब यांत रकमा बदलल्या, सांगाडा तोच राहिला. मोबाइल आला, तोही मुकादमाच्या निरोपासाठी. त्या नकाशावर माणसांचे चेहरे, बोली आणि नाती उमटविणारे लेखन मराठीत, किंवा अहिराणीत, पावरीत, मावचीत व्हावयास हवे. बारडोलीच्या बाजाराच्या दिवशी तोडकऱ्यांच्या बायका वाढ्यांचे भारे विकून कोणता जिन्नस आधी घेतात, एवढे जरी कोणी नीट लिहिले तरी ब्रेमन यांच्या एका प्रकरणाला उजाळा मिळेल.

एक तपशील मात्र येथेच नोंदवून ठेवतो. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, आणि बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री. यापुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरविण्यात आला आहे. फेब्रुवारी म्हणजे तोडणीचा ऐन हंगाम. त्या दिवसांत नवापूर किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे असतात, आणि कोयते कामरेज, मांडवी, महुवा, बारडोलीच्या शेतांत असतात. प्रगणक म्हणून बहुधा स्थानिक प्राथमिक शिक्षक नेमला जातो. तो पडावावर पोहोचला, तर तक्त्यातील ‘मातृभाषा’ या रकान्यात तो काय लिहील: मराठी, खानदेशी, भिल्ली, की विचारण्याचा त्रास टाळून गुजराती? आणि ‘जन्मस्थान’, ‘स्थलांतराचे कारण’, ‘येथे राहण्याचा कालावधी’ या रकान्यांत?

तेथल्या उत्तरांवर पुढील दहा वर्षे अभ्यासकांचे कोष्टक उभे राहील. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत, काही निवृत्त आहेत, आणि कामरेज तालुक्यातील शाळांशी त्यांचे संबंध आहेत. प्रगणकांच्या प्रशिक्षणाच्या वेळी अहिराणी आणि पावरी समजणारे कोणी दुभाषी म्हणून उपलब्ध आहेत, एवढी माहिती मामलतदार कचेरीला पत्राने कळविता येण्यासारखी आहे. मुकादम कोणत्या शेतावर कोणता पडाव घेऊन बसला आहे याची यादी कारखान्याच्या शेतकी खात्याकडे तोडणीच्या वेळापत्रकासोबत असतेच; तीही मागून पाहता येईल.